मुलांना धीर येतो कोठून?



मुलांच्या मनाविषयी बोलायला एका कामगार संघटकाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कारखान्यांच्या फाटकांवर. मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. पण माणूस संकटात केव्हा टिकतो आणि केव्हा मोडतो, ही एक गोष्ट मी तीस वर्षे जवळून पाहत आलो आहे. तीच मुलांच्या बाबतीत समजून घ्यावी म्हणून जे वाचले, आणि बाप म्हणून जेथे चुकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. हल्ली या विषयाला भावनिक लवचीकता, मानसिक कणखरपणा अशी भारदस्त नावे दिली जातात. मला आपला जुना 'धीर' हा शब्द पुरेसा वाटतो. कारण त्याच्याबरोबर येणारी क्रियापदेच सगळा विषय सांगून जातात. धीर देतात, धीर येतो, धीर धरतात. आणि तो सुटतो किंवा खचतो. यांत आरंभ देण्यापासून आहे. कोणी दिल्यावाचून लहानाला तो येत नाही, आणि आल्यावाचून धरता येत नाही. आधी उसना मिळालेला धीर पुढे स्वतःचा होतो. माझ्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण.

याच्या उलट एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो आणि मुलाला मुद्दाम कठोरपणे वागवतो. म्हण खोटी नाही. तिचा अर्थ आपण अर्धाच घेतो. टाकीच्या मागे पाथरवटाचा हात असतो. कोठे मारायचे, किती जोराने मारायचे आणि कोठे थांबायचे हे त्या हाताला ठाऊक असते. तोच दगड वाटेल तसा घणाखाली घातला तर त्याची मूर्ती होत नाही, खडी होते. दुःख माणसाला घडवते हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. दुःखाच्या वेळी जवळ कोण होते, हे विचारले पाहिजे.

मी हे पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या चाळीत पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत त्यांचे पुढारी. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही; गिरणगावातली असंख्य बिऱ्हाडे मात्र त्यात विस्कटली. माझे वडील एका गिरणीत साचेवाले होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

पहिले दोन-तीन महिने घरात आम्हां मुलांना कोणी काही सांगत नसे. वडील विचारले की म्हणत, "होईल सगळे ठीक." शाळेच्या सहलीचे पैसे देतो म्हणाले, सहल गेली, पैसे आले नाहीत. रात्री आईवडिलांचे दबक्या आवाजातले बोलणे कानी पडे आणि मी अंथरुणात जागा राही. माझ्या मनाने एकच अर्थ लावला होता: माझ्या फीमुळे आणि पुस्तकांमुळे घरात भांडण होत आहे. मुलाला खरे सांगितले नाही म्हणजे ते निश्चिंत राहते असे नाही. ते स्वतःच एक कारण शोधते, आणि बहुधा ते कारण म्हणजे आपण स्वतः, असे ठरवते.

मग एके दिवशी आईने मला समोर बसवले आणि हिशेबाची वही उघडली. पेटीत किती पैसे आहेत, वाण्याचे किती द्यायचे आहेत, काजे-बटणांच्या कामाचे तिला आठवड्याला किती मिळतात, सारे तिने वाचून दाखवले. "संप कधी मिटेल ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण आज भाकरी आहे. उद्याची नसली तर मी तुला आदल्या दिवशी सांगेन. आजपासून ही वही तू लिहायची. अक्षर तुझे बरे आहे." रेशनच्या दुकानाची आणि घासलेटची रांगही त्या दिवसापासून माझ्याकडे आली. परिस्थिती तसूभरही सुधारली नव्हती; पण त्या रात्री मला झोप लागली.

आमच्या खालच्या मजल्यावर माझा एक सोबती राहत असे. तो माझ्यापेक्षा धीट होता. गोविंदांच्या थरात तो सर्वांत वर चढे. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवी. त्याची आई संपापूर्वीच गेली होती. वडील संपात खचले, प्यायला लागले, मारायला लागले. मुलाची शाळा सुटली, मग घर सुटले, मग त्याला जवळ करणारे जे भेटले ते चांगले लोक नव्हते. तो विशीतच गेला. पुष्कळ वर्षे मी समजत होतो की मी कणखर निघालो आणि तो कच्चा निघाला. आज मला तसे म्हणायची शरम वाटते. त्याच्या अंगी धीर कमी नव्हता. त्याला धीर देणारे कोणी उरले नव्हते. आमच्या चाळीत सत्तर-ऐंशी बिऱ्हाडे होती. त्याच्या दारावरून सारी जात-येत होती, आमचे घरही त्यांतच.

आता हे एका चाळीपुरते खरे, की इतरत्रही खरे, हे पाहिले पाहिजे. संप किंवा मंदी घरात शिरते तेव्हा मुलांचे काय होते, याचा मोठा अभ्यास अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी केला आणि १९७४ साली ग्रंथरूपाने मांडला. १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेली, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातली १९२० व १९२१ साली जन्मलेली १६७ मुले त्यात होती. त्यांची माहिती त्यांच्या मोठेपणापर्यंत ठेवली गेली होती. पुढे एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मंदीवर आणखी काम केले. त्या सगळ्यातून दोन गोष्टी दिसल्या. मिळकत बुडाल्याचा घाव मुलांवर बराचसा आईबापांच्या वागण्यातून पडत होता: बाप चिडका, लहरी, मारकुटा झाला की मूल ढासळे. उलट, ज्या वाढत्या मुलांवर घरातल्या खऱ्या कामाची जबाबदारी आली, त्यांतल्या पुष्कळांना आपण उपयोगी आहोत ही जाणीव झाली आणि ती त्यांना पुढे पुरली. हे वाचताना मला आमची वही आठवली.

दुसरा अभ्यास प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांपैकी काउई या बेटावरचा. तेथे उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांची वस्ती मोठी. १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या अभ्यासकांनी पुढे चाळिशीपर्यंत ठेवला. त्यांतली सुमारे एकतृतीयांश मुले दारिद्र्य, घरातली भांडणे, आईबापांचे व्यसन किंवा मनाचा आजार अशा अनेक संकटांत एकदम सापडलेली होती. त्या मुलांपैकीही साधारण तिसरा हिस्सा चांगला निघाला: काम करणारा, माया करणारा, भरवशाचा. या मुलांपाशी काय वेगळे होते? काहींचा स्वभाव जन्मतःच हसरा होता हे खरे. पण पुन्हापुन्हा आढळले ते असे की त्यांना निदान एक माणूस असा लाभला होता, की ज्याच्याशी त्यांचे घट्ट जमले. तो आई किंवा बापच होता असे नाही. कोठे आजी, कोठे थोरली बहीण, कोठे मावशी, कोठे शेजारीण, कोठे शाळामास्तर. आणखी एक दिलासा या अभ्यासाने दिला: तरुणपणी वाट चुकलेल्यांपैकीही पुष्कळजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. म्हणजे उशीर झाला म्हणून दार कायमचे बंद होत नाही.

एक माणूस! आमच्या त्या चाळीत तो एक माणूस निघाला नाही.

असा माणूस नेमके काय करतो, ते आता पाहू. तान्हे मूल घाबरले की त्याची छाती धडधडते, श्वास जलद होतो, अंग ताठरते. स्वतःला शांत करणे त्याला जमत नाही. आजी त्याला खांद्यावर घेते, थोपटते, गुणगुणते. तिच्या संथ श्वासाबरोबर त्याचाही श्वास संथ होतो. असे शेकडो वेळा घडले म्हणजे घाबरण्यातून बाहेर येण्याची वाट त्या लहान शरीराला पाठ होते. मेंदूचा जो पुढचा भाग आवेगाला आवर घालतो, त्याची वाढ विशी उलटल्यावरही काही वर्षे चालू असते. मग सहा वर्षांच्या पोराने आपला राग आपणच आवरावा ही अपेक्षा म्हणजे नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी चार साचे देण्यासारखी आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना लंडनवर बाँब पडत होते. त्या काळात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तेथे लहान मुलांसाठी बालगृहे चालवली. त्यांच्या पाहण्यात आले की बाँबच्या आवाजापेक्षा घरच्या माणसांपासून तुटण्याने मुले अधिक कोलमडतात. आणि जवळ असलेली आई शांत असली तर मूलही बऱ्याच अंशी शांत राहते. मूल संकटाकडे पाहत नाही, ते आपल्या तोंडाकडे पाहते. म्हणून मुलाला धीर द्यायचा तर आधी आपला थोडा तरी जागेवर हवा. ज्या आईबापांना स्वतःचाच नाही, त्यांनी तो शेजाऱ्याकडून, भावाकडून, मित्राकडून घ्यावा. त्यात कमीपणा नाही. संघटना म्हणजे तरी दुसरे काय असते?

दिलेला शब्द पाळणे ही धीर देण्याचीच दुसरी रीत आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक छोटा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची २८ मुले. प्रत्येकाला चित्र काढायला बसवून सांगितले की थांबलास तर अधिक चांगले रंगखडू आणून देतो. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. निम्म्यांना "माफ कर, नाहीत" असे सांगितले. मग सर्वांपुढे एक मिठाई ठेवली: आत्ता खाल्लीस तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवणूक आठवत होती ती ३ मिनिटे. मुले थोडी होती, तेव्हा यावर फार मोठा इमला बांधू नये. पण ज्या कामगाराने आश्वासने मोडलेली पाहिली आहेत, त्याला हा निकाल नवा वाटणार नाही. ज्याला आपण उतावळा म्हणतो त्या मुलाने कदाचित अनुभवाने योग्य तोच हिशेब केलेला असतो. म्हणून शब्द थोडे द्यावेत, पण पाळावेत. आईने मला संप मिटेल असा शब्द दिला नाही. आदल्या दिवशी सांगेन एवढाच दिला, आणि तो पाळला.

आता माझी चूक सांगतो. माझी मुलगी सातवीत असताना एकदा म्हणाली की शाळेतल्या काही मुली तिच्या बोलण्याची नक्कल करून हसतात. मी एका बैठकीला निघालो होतो. चपला घालता घालता म्हणालो, "दुर्लक्ष कर. आपण कामगारांची पोरे, असल्या गोष्टींनी रडत नाही." वाक्य मला झकास वाटले. तिने पुन्हा विषय काढला नाही, तेव्हा प्रश्न मिटला असे मी धरून चाललो. चार महिन्यांनी तिच्या मावशीकडून कळले की मुलगी त्या मुलींना टाळण्यासाठी रोज लांबच्या रस्त्याने शाळेत जाते आणि मधल्या सुट्टीत डबा न खाता तसाच परत आणते. मी तिला कणखर करायला निघालो होतो; प्रत्यक्षात तिला एकटे टाकून बैठकीला गेलो होतो. मावशी होती म्हणून ती टिकली.

त्या रात्री मला सुचले की कचेरीत अनोळखी माणसाची तक्रार आली तर मी असा वागत नाही. तेथे आमची एक ठरलेली रीत आहे. तीच घरी लावली तर? ती रीत सांगतो.

पहिले, तक्रार पुरती ऐकून घ्यायची. मध्ये उपदेश नाही, "त्यात काय एवढे" नाही. माणसाचे बोलणे संपेपर्यंत त्याला काय हवे आहे तेही पुष्कळदा कळत नाही.

दुसरे, तक्रारीला नेमके नाव द्यायचे. मूल "मला शाळा आवडत नाही" म्हणते, तेव्हा ती भीती आहे, अपमान आहे, हेवा आहे की नुसता कंटाळा, हे त्याच्याबरोबर शोधावे. लिहून ठेवलेली तक्रार जशी हाताळता येते, तशी नाव मिळालेली भावनाही हाताळता येते.

तिसरे, आपल्या हातात काय आणि काय नाही, याची वाटणी करायची. दुसऱ्याचे हसणे मुलीच्या हातात नव्हते. कोणाजवळ बसायचे, बाईंना सांगायचे की नाही, हे होते.

चौथे, पुढचे पाऊल तक्रारदारानेच टाकायचे. आपण फक्त बरोबर जायचे. सगळे आपणच निस्तरले तर माणूस शिकत नाही, आणि सगळे त्याच्यावरच टाकले तर तो मोडतो. मुलगी बाईंशी स्वतः बोलली. मी वर्गाबाहेर बाकावर बसलो होतो.

पाचवे, आठ दिवसांनी पुन्हा विचारपूस करायची. आमच्या धंद्यात पुष्कळजण हे विसरतात, आणि घरातही.

मी तिची माफी मागितली, तेही सांगतो. आईबापांचे चुकतच नाही असा देखावा करण्याची गरज नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून आया आणि तान्ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. चांगल्या नात्यातही दोघांचे सूर वारंवार चुकतात. महत्त्व असते ते पुन्हा जुळवून घेण्याला, असे त्यांना आढळले. बिनसलेले पुन्हा जमते, हा अनुभव म्हणजे मुलाच्या धिराचे भांडवलच होय.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मुलांना धीर द्या, याचा अर्थ त्यांना अन्याय सोसायला शिकवा असा कोणी करू नये. सोशिकपणा वेगळा आणि धीर वेगळा. ज्या शाळेत मार बसतो तेथे मुलाला घट्ट करणे हे उत्तर नव्हे, मार थांबवणे हे उत्तर आहे. शाळांतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. ज्या घरात उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही, तेथे आधी बापाला काम आणि आईला पुरती मजुरी हवी. मन घट्ट करा असा सल्ला देऊन आपले कर्तव्य टाळणारे मालक मी फार पाहिले आहेत.

आणखी एक. सगळेच माया आणि गप्पा यांनी बरे होत नाही. मुलाची झोप, भूक, खेळ आठवडेच्या आठवडे उडाले, ते सगळ्यांपासून तुटले, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर "लक्ष वेधून घेतो आहे" म्हणून सोडू नये. डॉक्टरांना दाखवावे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फुकट दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ताप आला तर आपण लाजत नाही, येथेही लाजू नये.

समारोप करतो. आपण येथे बसलेले सारेजण आपापल्या मुलांची काळजी वाहणारे आहात, म्हणून तर संध्याकाळ मोडून आलात. पण माझे मागणे आपल्या घराबाहेरच्या मुलाविषयी आहे. आपल्या जिन्यावर, गल्लीत, वर्गात, दुकानावर एखादे मूल असेल, ज्याच्या घरी सध्या कोणाचेच चित्त ठिकाणावर नाही. त्याला पैसे द्यायला नकोत, उपदेश तर नकोच. त्याचे नाव माहीत करून घ्या. भेटले की थांबून विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. एखादे खरे काम त्याच्यावर सोपवा आणि झाल्यावर त्याची दखल घ्या. उद्या या म्हणालात तर उद्या दारात उभे राहा. काउई बेटावरच्या आज्यांनी, मावश्यांनी आणि मास्तरांनी याहून मोठे काही केले नव्हते.

माझ्या सोबत्यासाठी आमच्या घरातून एवढे झाले असते तर तो वाचला असता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आईने ती वही उघडली त्या संध्याकाळी मी त्याला वर बोलावून शेजारी बसवून घेऊ शकलो असतो. त्याचे अक्षर माझ्याहून चांगले होते.